बावड्यात कामाला कोण आहे?

पहाटे साडेपाचला कसबा बावड्याचा रस्ता पुरता जागा झालेला असतो. पंचगंगेपलीकडच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला पोचायचं म्हणून माणसं हँडलला डबा अडकवून मोटारसायकली बाहेर काढत असतात. पोलीस मुख्यालयाच्या बाजूला पोरं-पोरी धावत असतात. कुणाच्या हातात स्टॉपवॉच, कुणाच्या पायात फाटत आलेले बूट. गल्ल्यांतून दुधाच्या किटल्या डेअरीकडे निघालेल्या असतात. रुग्णालयातली रात्रपाळी संपवून परतणाऱ्या बायका रिक्षाची वाट पाहत उभ्या असतात. तासाभरानं याच रस्त्यावर महाविद्यालयांच्या बसेस सुरू होतात आणि दहाच्या सुमारास न्यायालयाकडे आणि जिल्हाधिकारी कचेरीकडे जाणाऱ्यांची गर्दी लागते.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘रोजगार’ हा विषय दिला आणि त्यात वय, शिक्षण, जात आणि बाई-पुरुष यांप्रमाणे बदलत जाणारं चित्र मांडावं, असं सुचवलं. देशभराचे आकडे सरकार प्रसिद्ध करतंच. ते एका वस्तीवर ठेवून पाहावेत, कुठं बसतात आणि कुठं सुटतात ते तपासावं, असं मला वाटलं. त्यासाठी बावडा निवडला, कारण इथं एकाच गल्लीत शहर आणि गाव दोन्ही सापडतात. चार मजली इमारतीच्या पाठीमागे गोठा असतो, गोठ्यापलीकडे उसाचं रान आणि त्यापलीकडे नदी. साखर कारखाना इथंच आहे, १९८४ साली सुरू झालेलं डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालयही इथंच. पोलीस भरतीचं मैदान इथं आणि शहराचा कचरा येऊन पडतो तोही इथंच, लाईन बाजारच्या अंगाला. काम या गोष्टीच्या जेवढ्या तऱ्हा पश्चिम महाराष्ट्रात आहेत, त्यांतल्या बहुतेक इथं पायी फिरून दिसतात.

मोजणारा दारात येतो तेव्हा

देशात रोजगार मोजण्याचं मुख्य साधन म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं आवर्ती श्रमबल सर्वेक्षण. ते २०१७-१८ पासून सुरू झालं आणि २०२५ पासून त्याचे आकडे दर महिन्याला येऊ लागले. मोजण्याची रीत समजून घेतल्याशिवाय या आकड्यांवर बोलणं व्यर्थ आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

सर्वेक्षक घरातल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक देतो. स्वतःचा धंदा करणारा ११, चार माणसं कामाला ठेवणारा १२, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारा २१, पगारी नोकर ३१, रोजंदारीवरचा ५१. काम नाही पण शोधतो आहे, तो ८१. शिकतो आहे, तो ९१. फक्त घरकाम करणारी ९२. घरकाम करून शिवाय सरपण, वैरण, भाजी गोळा करणारी किंवा घरापुरतं शिवणकाम करणारी ९३. पहिल्या गटातले सगळे ‘कामात’, ८१ वाला ‘बेरोजगार’ आणि ९१ पासून पुढचे ‘श्रमबलाच्या बाहेर’. बेरोजगारीचा दर काढताना या बाहेरच्यांचा विचारच होत नाही. काम करणारे आणि काम शोधणारे यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेत शोधणारे किती, ते पाहायचं. ज्यानं शोधणं सोडलं, तो बेरोजगारांच्या यादीतून आपोआप निघून जातो.

दुसरी मेख काळाची. ‘नेहमीची स्थिती’ काढताना वर्षभराचा विचार होतो आणि वर्षात तीस दिवस काम केलेलं माणूसही कामात धरलं जातं. ‘चालू आठवड्याची स्थिती’ काढताना गेल्या सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरतं. म्हणून एकाच देशाचे बेरोजगारीचे दोन आकडे दिसतात आणि सभेत बोलणारा आपल्या सोयीचा उचलतो.

ही गुंतागुंत सर्वेक्षकांनी हौसेनं केलेली नाही. १९७० साली प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं स्पष्ट सांगितलं होतं की, जिथं बहुतेक माणसं स्वतःच्या शेतात, दुकानात, गोठ्यात राबतात, तिथं बेरोजगारांची एकच एक संख्या काढणं फसवं ठरेल. वेगवेगळ्या गटांचे आकडे वेगवेगळे ठेवून वाचावेत, असा त्या समितीचा आग्रह होता. पन्नास वर्षं होऊन गेली तरी आपण एकाच आकड्यावर भांडतो.

त्या एका आकड्याप्रमाणे पाहिलं तर सगळं सुधारलं आहे. पंधरा वर्षांवरच्यांतली नेहमीच्या स्थितीतली बेरोजगारी २०१७-१८ मध्ये ६ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आली. याच सहा वर्षांत बायकांचा श्रमबलातला सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. इतक्या थोड्या काळात एवढी उडी हा मोठा बदल आहे. तो कुठून आला, हे पाहायला बावड्यातल्या गोठ्यात शिरावं लागतं.

म्हशीमागचा दिवस

गोठ्यातला दिवस पहाटे शेण काढण्यानं सुरू होतो. मग आंबोण, मग धार. किटली डेअरीत पोचवायची, तिथं फॅट लावायची, मापाची चिठ्ठी घ्यायची. घरी येऊन डबे, पोरांची शाळा. मग खुरपं घेऊन बांधावर वैरणीला. ऊसतोड चालू असेल तर फडावरून वाडं आणायचं. त्या महिन्यांत वैरणीची ददात नसते. दुपारी गोठा धुणं, शेणी थापणं, वाळलेल्या शेणींचा हुडवा रचणं. चार वाजता पुन्हा आंबोण, धार आणि डेअरी. म्हशीला रविवार नसतो, सणवार नसतो आणि घरात कुणी आजारी असेल तरी दोन वेळची धार चुकत नाही.

अशा घरात ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की बाई सहज सांगून जाते, “न्हाई ओ, मी घरातच असतो.” घरातला पुरुष सांगतो, “आमची दोन जनावरं हाईत.” आमची, म्हणजे त्याची. सर्वेक्षक घाईत असेल तर ९२ लिहून पुढच्या दारात जातो. चिवट असेल तर वैरण कोण आणतं, धार कोण काढतं, दूध कुठं जातं, असं खोदून विचारतो आणि मग त्याच बाईपुढे २१ पडतो. धार काढण्याबद्दल व्याख्येत संदिग्धता नाही. दूध घरी प्यायलं तरी ते उत्पादन आहे आणि ते काढणारी कामात आहे. चुलीसाठी शेणी थापणं मात्र घरकामात जातं. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात आणि त्यासाठी गावोगावचे लोक होळीच्या सुमाराला शेणी दान करतात, हे या शहराचं मोठेपण आहे. त्या शेणी थापणारे हात मात्र कुठल्याही रकान्यात नाहीत.

म्हणजे बायकांचा सहभाग वाढलेला दिसतो, त्यातला काही भाग चांगल्या विचारपुशीचा आहे. नळ, गॅस आणि दारातल्या रस्त्यानं बायकांचा वेळ थोडा मोकळा केला, हेही खरं. पण वाढ कुठल्या कामात झाली, ते पाहिलं की आनंद आटोपता घ्यावा लागतो. २०२३-२४ मध्ये कामात असलेल्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बायका घरच्या शेतात, धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. पगारी नोकरीतल्या बायकांचं प्रमाण याच काळात २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास घसरलं. काम करणाऱ्या बायका वाढल्या. स्वतःच्या नावानं पैसा घेणाऱ्या बायका तेवढ्या वाढल्या नाहीत.

पैसा कुठं जातो, हे दुधात अगदी उघड दिसतं. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा दूध संघानं, म्हणजे आपल्या ‘गोकुळ’नं, या जिल्ह्याला दर दहा दिवसांनी रोख बघायची सवय लावली. उसाचं बिल वर्षातून एकदा, तेही भांडून. दुधाचं बिल महिन्यातून तीनदा. दिवाळीच्या तोंडावर फरकाची रक्कम मिळते आणि त्यावर घराघरातला फराळ, कपडे, पोरीचं माहेरपण निभावतं. या जिल्ह्यातलं शेतकरी घर तगलं, ते ऊस आणि म्हैस या दोघांवर, आणि माझ्या मते उसापेक्षा म्हशीवर जास्त. पण गावागावातल्या दूध संस्थेतली खाती बहुतांशी पुरुषांच्या नावावर आहेत. जमीन त्याची, सभासदत्व त्याचं, मत त्याचं, म्हणून बिलही त्याचं. पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून, मोटारसायकलीमागून त्या पळवत मिरवणूक निघते, तेव्हाही पुढं पुरुषच असतात.

ऊस तोडायला मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्यांमध्ये हीच रीत आणखी उघडीवाघडी आहे. तिथं ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पहाटे थंडीत उठून भाकरीही तीच करते. मुकादमाकडून उचल मिळते ती नवऱ्याच्या हातात.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामावर बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८ मिनिटं आली. हे दोन्ही आकडे फक्त ती कामं करणाऱ्यांचे आहेत. हातच न लावणारे त्यात धरलेले नाहीत. जवळपास पाच तास घरात दिल्यावर बाईला जे काम घेता येतं, ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं आणि अधूनमधून सोडता येण्याजोगं असावं लागतं. म्हैस या दोन्ही अटींत बसते. एमआयडीसीतली आठ तासांची पाळी बसत नाही. फौंड्रीतल्या कोअर शॉपमध्ये बायका आहेत, चांगलं काम करतात. पण पाळणाघर नाही, येण्या-जाण्याची सोय नाही आणि रात्रपाळीचा तर प्रश्नच नाही. रुग्णालयातल्या परिचारिका आणि सफाईच्या बायका पाळीत काम करतात, त्यांच्या घरी बहुधा सासू किंवा आई असते. एका बाईच्या नोकरीमागे दुसऱ्या बाईचं बिनपगारी काम उभं असतं आणि सर्वेक्षणात ती दुसरी बाई ९२ असते.

मैदानावरची तरुणाई

आता पोलीस मुख्यालयाच्या मैदानाकडे वळू. भरतीच्या दिवसांत इथं जिल्हाभरातून पोरं येतात. मुलांना १६०० मीटर धावायचं, मुलींना ८०० मीटर. मग १०० मीटर, मग गोळाफेक. पन्नास गुणांची ही मैदानी चाचणी पार केली की शंभर गुणांची लेखी. भरती नसते त्या काळातही बावड्याच्या रस्त्यांवर आणि नदीकाठी सराव चालूच असतो. दिवसा हीच पोरं अभ्यासिकेत बसलेली सापडतात. महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची, एक टेबल, चार्जिंगचा पॉइंट. ‘काय करतोस?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं, “भरतीची तयारी करतोय.” पाहुण्यांत, लग्नाच्या बैठकीत, तालमीच्या कट्ट्यावर या उत्तराला मान आहे. नुसतं ‘घरीच आहे’ म्हणण्यापेक्षा किती तरी जास्त.

या मुलांना कुठल्या क्रमांकात घालायचं? अर्ज भरून परीक्षेची वाट पाहतो तो ८१. कुठं तरी एम.ए.ला नाव घालून ठेवलं असेल तर ९१, म्हणजे विद्यार्थी. संध्याकाळी काकाच्या मेडिकल दुकानात दोन तास बसत असेल तर तो कामात. तीन मित्र, एकच अभ्यासिका, एकच परीक्षा आणि तीन वेगळे रकाने.

सर्वांत बोचणारा आकडा शिक्षणाचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात, २०२२ सालच्या आकडेवारीवरून, तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के निघाली आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. शिकल्यानं नोकरी जाते असा याचा अर्थ नाही. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही. मिळेल ते काम त्याला त्याच दिवशी धरावं लागतं. पदवीधराच्या घरात दोन म्हशी, अर्धा एकर ऊस किंवा वडिलांची पेन्शन असते, त्या जोरावर तो चार वर्षं वाट पाहू शकतो. त्याच्या वाट पाहण्याचा खर्च गोठ्यातली बाई उचलते. ‘बिनपगारी मदतनीस’ आणि ‘बेरोजगार पदवीधर’ या बावड्यात पुष्कळदा आई आणि मुलगा असतात.

वाट पाहण्यालाही काही हिशेब असावा. २०२१ च्या रिक्त जागांची पोलीस भरती मैदानात उतरली जानेवारी २०२३ मध्ये. २०२२-२३ च्या जागांसाठी मैदानी चाचणी झाली जून २०२४ मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे शंभर. त्याआधी २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज होते. एका जागेमागे दोनशेच्या वर. खुल्या गटातल्या मुलाला पोलीस भरतीची वयोमर्यादा २८. एक जाहिरात दीड वर्ष लांबली तर त्याच्या हातातली एक संधी कायमची जाते. मुलींचं गणित आणखी कडक आहे. सरकारी नोकरीत ३० टक्के जागा राखीव असल्यामुळे अनेक घरांनी मुलींना मैदानावर पाठवायला सुरुवात केली, ही या दोन दशकांतली फार मोलाची घडामोड आहे. पण वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ‘आणखी एक भरती बघू दे’ असं मुलगा सांगू शकतो, मुलीला ते सांगावं लागतं तेव्हा घरात स्थळं आलेली असतात. २०२३-२४ मध्ये देशातल्या शहरी तरुणींमध्ये, म्हणजे १५ ते २९ वयाच्या, बेरोजगारी २०.१ टक्के होती. शोधणाऱ्या दर पाच जणींपैकी एकीला काम नाही. ज्यांनी शोधणं सोडून संसार धरला, त्या या पाचांत नाहीत.

अभियांत्रिकीच्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि कोल्हापूरच्या पोरांना शिकायला पुण्याला जायची गरज उरली नाही. नोकरीला मात्र पुण्यालाच जावं लागतं, नाहीतर बेंगळुरूला. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत अभियंते लागतात, पण सुरुवातीचा पगार आयटीआय झालेल्या सीएनसी ऑपरेटरच्या जवळपास असतो, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. म्हणून बावड्यात बंगला बांधून आई-वडील राहतात आणि मुलगा-सून हिंजवडीत.

शासनानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा हजार. आधी सहा महिने, नंतर आणखी पाच. कचेऱ्यांत, शाळांत ही मुलं कामाला लागली. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून रस्त्यावर आली. त्यांना दोष देता येणार नाही. अकरा महिने खुर्चीवर बसवून हजेरी घेतली की माणूस ती खुर्ची आपली समजणारच.

पाच महिन्यांचा भोंगा

बावड्यातला छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आधी खासगी शुगर मिल होता. अजूनही त्या भागाला लोक शुगर मिल म्हणूनच ओळखतात. दिवाळीच्या आगेमागे गळीत सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर थांबतं. कारखान्यात कायम कामगार थोडे आणि हंगामी जास्त असतात. हंगाम संपला की हंगामी कामगाराला पुढच्या गळितापर्यंत थांबवून ठेवण्यासाठी थोडी रक्कम मिळते, तिला ‘रिटेन्शन’ म्हणतात. बाकीचे महिने तो शेती बघतो, रंगकाम करतो, रिक्षा चालवतो. सर्वेक्षणाच्या वर्षभराच्या मोजपट्टीवर तो पूर्ण कामात आहे. जिल्ह्यात कारखाने वाढले, गाळपाची क्षमता वाढली, ऊस तेवढाच राहिला. त्यामुळे हंगाम आखूड होत चालला आहे. हंगाम वीस दिवसांनी कमी झाला की हंगामी कामगाराचा वीस दिवसांचा पगार जातो आणि बेरोजगारीच्या दरात काडीचा फरक पडत नाही.

फौंड्रीतली कथा उलटी आहे. कोल्हापूरची ओतकामाची परंपरा उद्यमनगरातल्या तेलइंजिनांपासूनची. आज देशभरातल्या मोटारींचे आणि ट्रॅक्टरांचे सुटे भाग इथून जातात. मालक सांगतात की माणसं मिळत नाहीत. भट्टीवर आणि फेटलिंगला बहुतांशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले कामगार आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा अनेक कारखान्यांना पुन्हा भट्टी पेटवणं जड गेलं. ‘आमच्या पोरांना कष्ट नकोत,’ हे वाक्य या विषयावर बोलताना हमखास येतं. मला ते पटत नाही. जो मुलगा पहाटे उठून १६०० मीटर धावतो, त्याला कष्टाचं वावडं नाही. त्याला बारा तासांची पाळी, कंत्राटदाराची हजेरी, भाजल्यावर कुणी जबाबदार नाही हे आणि एवढं करून लग्नाच्या बाजारात शून्य किंमत, हे नको आहे. मुलीकडचे आज पहिला प्रश्न विचारतात तो पगाराआधी ‘कायम आहे का?’ हा. कंत्राटी नोकरी, शेती आणि बेकारी या तिन्हींना ते एकाच पारड्यात टाकतात. पस्तिशीला आलेले, लग्न न झालेले शेतकऱ्यांचे मुलगे आज गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या घरातली काळजी कुठल्याच सर्वेक्षणात धरली जात नाही.

वयानं मोठ्या पुरुषांचं वेगळंच. १९०६ साली शाहू महाराजांनी स्थापलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. त्या वेळी चाळिशीत असलेले कामगार पुढं वॉचमन झाले, दुकानात बसले, भाजी विकू लागले. आज अपार्टमेंटच्या गेटवर रात्री खुर्ची टाकून बसलेल्या साठीच्या माणसाशी बोलत बसलं, तर कुठली ना कुठली बंद पडलेली गिरणी किंवा कारखाना निघतो. आकड्यांत तो कामात आहे. भविष्य निर्वाह निधी नाही, सुट्टी नाही, आणि आजारी पडला तर त्या दिवसाचा पगार नाही.

नदी हीच सीमा

बावड्यातून शिये गावाकडे जाताना पंचगंगा ओलांडावी लागते. अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत. दोन्हीकडे तोच ऊस, त्याच म्हशी, तीच भांगलण, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं की दोन्हीकडची रानं सारखीच बुडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती बुडालीही. पण कायद्याच्या दृष्टीनं ही दोन वेगळी जगं आहेत.

कामाचा हक्क कायद्यानं मान्य करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती कसाला लागली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राचा २००५ चा कायदा त्याच वाटेनं आला. या सगळ्या कायद्यांची हमी ग्रामीण भागापुरती आहे. पूर ओसरल्यावर शियेतली मजूर बाई निदान काम मागण्याचा अर्ज करू शकते. बावड्यातली बाई तोही करू शकत नाही, कारण ती शहरात राहते. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली, तेव्हापासून तिची हद्द वाढलेली नाही. भोवतालची गावं हद्दवाढीला जीव तोडून विरोध करतात. घरफाळा वाढेल ही भीती त्यात आहेच, पण हातातल्या योजना जातील ही भीतीही आहे. ती खोटी नाही.

मोजणीतही हीच सीमा आड येते. २०२३-२४ मध्ये ग्रामीण बायकांचा श्रमबलातला सहभाग ४७.६ टक्के होता आणि शहरी बायकांचा २८ टक्के. बावड्याची बाई शहरी रकान्यात मोजली जाते आणि दिवस मात्र ग्रामीण रकान्यातला जगते. अशा अर्धशहरी वस्त्या इचलकरंजीपासून बारामतीपर्यंत पसरल्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळा आकडाच नाही. देशाची शेवटची जनगणना २०११ ची. पुढची, जातवार नोंदीसह, २०२७ मध्ये होणार आहे. तोवर बावड्यासारख्या एका वॉर्डात किती बायका कमावतात आणि किती पोरं वाट पाहतात, हे कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही.

आधी मोजलं, मग हुकूम काढला

याच शहरानं कामाची मोजणी गंभीरपणे करून दाखवली आहे. शाहू महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे, ब्राह्मण होते. आठ वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या गॅझेटमध्ये हुकूम निघाला की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. महाराज त्या वेळी विलायतेत होते. हुकूम नुसता कागदावर राहू नये म्हणून वसतिगृहं निघाली, पुढं सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आलं.

गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं चहा प्यायला थांबू लागले. आज स्वयंरोजगाराची कर्जं वाटली जातात, मेळावे भरतात, धनादेशांचे फोटो निघतात. २०२३-२४ मध्ये देशातल्या कामकऱ्यांपैकी ५८ टक्के ‘स्वयंरोजगारित’ होते, असं सांगितलं जातं. महाराजांनी कर्जाआधी गिऱ्हाईक दिलं, हे त्या हॉटेलाचं मर्म होतं. त्याशिवाय स्वयंरोजगार म्हणजे वडापावच्या एका गाडीशेजारी दुसरी गाडी.

शहराचा कचरा उचलणाऱ्या, गटारं साफ करणाऱ्या कामगारांत आजही ठरावीक जातींचीच माणसं दिसतात. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसांना पालिकेत नोकरी मिळते. कुटुंबं तरली ती त्यावरच, आणि वारसाच्या हातात पुन्हा झाडूच येतो. पदवीधर वारसाला दुसऱ्या कामावर घेणं प्रशासनाला अशक्य नाही. मराठा तरुण आरक्षणासाठी रस्त्यावर उतरला, १५ ऑक्टोबर २०१६ ला याच शहरात प्रचंड मोर्चा निघाला, त्याच्या तळाशीही मैदानावर पाहिलेलं गणितच आहे: एका जागेमागे शंभर. जागा वाढल्या नाहीत तर कुठल्याही गटाला मिळालेला टक्का दुसऱ्याला कमी केल्यासारखा वाटतो आणि गल्लीत शेजारी राहणारी पोरं एकमेकांकडे संशयानं बघू लागतात.

शासनाकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे. भरतीचं वार्षिक वेळापत्रक जाहीर व्हावं आणि ते मोडलं तर तेवढी वयोमर्यादा आपोआप वाढावी. अर्धशहरी वस्त्यांना कामाची हमी मिळावी. एमआयडीसीच्या दारात पाळणाघर आणि पाळीच्या वेळेला बस असावी. हे होईल तेव्हा होईल, त्यासाठी भांडत राहिलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र मुंबई-दिल्लीकडे न बघता करता येते. ‘लाडकी बहीण’च्या निमित्तानं २०२४ पासून महिन्याला पंधराशे रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, म्हणजे खातं उघडलेलं आहे, ते चालवताही येतं. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दुधाच्या फरकाची रक्कम जमा होत असेल किंवा झालेली असेल. तुमच्या घरात म्हैस असेल आणि गावच्या दूध संस्थेत तुमचं नाव सभासद म्हणून असेल, तर पुढच्या दहा दिवसांचं बिल धार काढणारीच्या खात्यावर जमा करण्याचा अर्ज द्या. संस्थेच्या संचालकांनी वार्षिक सभेत तसा ठराव आणावा आणि सभासदत्वही तिच्या नावावर करावं. त्याला ना नवा कायदा लागतो, ना निधी.